दोन जावा आणि तीन रिसेप्टर

माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सांगायच्या, "डॉक्टर आहे, पण औषध देत नाही." पाहुणे माझ्याकडे दयेनं बघायचे. गावातल्या सर्जन मंडळींचं माझ्याबद्दलचं मत याहून फारसं वेगळं नव्हतं. फरक इतकाच की ते दयेनं बघत नसत.

सांगलीच्या गावभागात भांड्यांच्या दुकानाच्या वर माझी प्रयोगशाळा होती. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारा अशी समजूत आहे. मी तपासायची ते मांस. सर्जन जे कापून काढतात, गाठ म्हणा, पित्ताशय म्हणा, स्तन म्हणा, ते माझ्याकडे येतं. ते फॉर्मालिनमध्ये घालून पक्कं करायचं, म्हणजे ते सडायचं थांबतं. मग त्याचे तुकडे मेणात बसवून काड्यापेटीहून लहान ठोकळे करायचे, ठोकळ्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. एवढं झालं की मी दोन ओळी लिहिते. त्या दोन ओळींवर एखाद्या बाईचं पुढचं आयुष्य ठरतं आणि ती बाई मला कधी भेटत नाही. बहुतेक वेळा ते दोघींच्याही सोयीचं असतं. उंब्रजच्या दोघी जावा मात्र मला भेटल्या.

त्याआधी आमच्या सर्जनसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. नाव लिहीत नाही. ते आता नाहीत, त्यांचे चिरंजीव काही वाचत नाहीत, पण सूनबाई दिवाळी अंक वाचतात. साहेबांचा हात फार चांगला होता, हे त्यांचे शत्रूही म्हणायचे आणि मीही म्हणते. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया ते सुरेख करत. त्यानंतरचं त्यांचं सगळं शास्त्र मात्र एका गोळीत मावायचं. टॅमॉक्सिफेन. बाई पन्नाशीची असो की तिशीची, गाठ कसलीही असो, तीच गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच वर्षं.

"साहेब, ही गोळी सगळ्यांना लागू पडत नाही," मी एकदा म्हणाले.

"गोळीनं कुणाचं वाईट झालेलं बघितलंयत का तुम्ही?"

"चांगलं झालेलं कसं ओळखायचं?"

"बाई परत येते ना? मग झालं चांगलं."

जी परत येत नव्हती, तिचा हिशेब त्यांच्या शास्त्रात नव्हता.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. मेणाच्या ठोकळ्यावरूनच रिसेप्टर तपासण्याची सोय मुंबईत झाली होती. मी ठरवलं की आपण सांगलीत ज्ञानाचा प्रकाश पाडायचा. डॉक्टरांच्या मासिक बैठकीत मी स्लाइड दाखवून व्याख्यान दिलं. श्रोते जेवणाची वाट बघत होते, त्यामुळे सगळे फार शांतपणे ऐकत होते. मी सांगितलं ते असं. स्तनाचा कॅन्सर हा एक रोग नाही, एका नावाखाली राहणारे चार-पाच रोग आहेत. काही गाठींच्या पेशींवर स्त्रीच्या शरीरातल्या हार्मोन्सना धरून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं; हार्मोन दोन, म्हणून रिसेप्टरही दोन. अशी गाठ हार्मोनवर पोसते, आणि टॅमॉक्सिफेन त्या जागा अडवून तिची उपासमार करतं. ज्या गाठीवर या जागाच नाहीत, तिच्यापुढे ती गोळी म्हणजे साबुदाण्याचा दाणा. तिथं सलाईनमधून देतात ती जहाल औषधं, केमोथेरपी, तीच हवी. म्हणून आधी तपासा, मग औषध द्या.

साहेब पहिल्या रांगेत बसले होते. जेवताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पटलं मला."

माझ्या आयुष्यातला तो मोठा विजय होता. पण बाटलेला माणूस जास्त कडवा निघतो, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून साहेब रिसेप्टर-रिसेप्टर करू लागले. वॉर्डातल्या नर्सला विचारत, आयांना विचारत. एका हर्नियाच्या माणसाचे रिसेप्टर पाठवले का म्हणून त्यांनी मला फोन केला होता.

या भरातच थोरल्या जावेची, म्हणजे शालनबाईंची, शस्त्रक्रिया झाली.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला. ताठ पाठीचा, मिशा कातरलेला एक माणूस आत आला. हातात मिलिटरी कँटीनचा मोठ्या तोंडाचा थर्मास.

"सुभेदार, रिटायर. उंब्रज," तो म्हणाला. "मिसेसचं ऑपरेशन काल संध्याकाळी झालं. साहेब म्हणाले, थंड ठेवा आन बाईंच्याकडं पोचवा. रातभर दोनदा बर्फ बदललाय."

थर्मासात, बर्फाच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला त्याच्या बायकोचा स्तन होता. रिसेप्टर टिकावेत म्हणून, फॉर्मालिनची बरणी देण्याऐवजी साहेबांनी त्याला मासे न्यावेत तसं पाठवलं होतं. माझे तंत्रज्ञ मोमीनभाऊ आणि मी, दोघंही हसू दाबत होतो.

"थर्मास परत मिळंल न्हवं?" सुभेदारांनी विचारलं.

"मिळेल," मी म्हणाले. ते गेल्यावर मात्र आम्ही पोटभर हसलो. दोन दिवस मी हा किस्सा सांगत होते. वाईला, नणंदेच्या मुलीच्या लग्नात.

कारण त्या शनिवारी मला वाईच्या गाडीची घाई होती. नियम असा की एवढा मोठा भाग आला, की लगेच सुरीनं त्याचे पाव उघडावे तसे काप पाडायचे आणि मग फॉर्मालिनमध्ये ठेवायचं, म्हणजे औषध आतपर्यंत पोचतं. ते काम माझं. मी मोमीनभाऊंना म्हणाले, "बादलीत घालून ठेवा, सोमवारी बघते." त्यांनी घालून ठेवलं, अखंड. स्तनात चरबी फार. फॉर्मालिन कडेकडेनं शिरलं आणि मधली गाठ दोन दिवस कच्चीच राहिली. सोमवारी मी काप पाडले तेव्हा मधला भाग मऊ लागला. मला कळलं होतं. पण कॅन्सर आहे एवढं त्यातही स्पष्ट दिसत होतं, म्हणून मी निदान लिहिलं, त्याच गाठीचा ठोकळा मुंबईला पाठवला आणि विषय मनातून काढून टाकला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पहिल्या ओळीत टाइप केलं होतं: हार्मोन रिसेप्टर नाहीत. मी साहेबांना फोन लावला. अहवालाची वाट बघत साहेबांनी गोळी लिहिलीच नव्हती, आता केमो सुरू केली. शालनबाईंना सहा वेळा केमोचं लाल औषध शिरेतून दिलं गेलं. केस गेले, तोंड आलं, अन्नाचा वास सहन होईना. सांगितलं ते सगळं त्यांनी निमूटपणे केलं. साहेब मला बैठकीत म्हणाले, "बघा, जुन्या पद्धतीनं गोळीवर ठेवली असती तर फसलो असतो." मी मान डोलावली. मला फार बरं वाटलं होतं.

सव्वा वर्षानं त्याच घरातली धाकटी जाऊ, सुमन, त्याच टेबलावर आली. वय छत्तीस. सुभेदारांच्या धाकट्या भावाची बायको. दोघींचं रक्ताचं नातं नाही, नुसता योगायोग. या वेळी मी गावात होते, काप वेळेवर पाडले, सगळं नियमानं केलं. मुंबईचा अहवाल आला. पहिली ओळ तीच: हार्मोन रिसेप्टर नाहीत.

साहेबांना फोन लावणार इतक्यात माझं लक्ष खाली बारीक अक्षरात टाइप केलेल्या ओळीकडे गेलं. 'शेजारच्या निरोगी नळ्यांनी रंग चांगला घेतला आहे.' याचा अर्थ सोपा आहे. प्रत्येक स्तनात दुधाच्या निरोगी नळ्या असतात आणि त्यांच्यावर हे रिसेप्टर असतातच; रिसेप्टर असला की तपासात तिथं तपकिरी रंग चढतो. चाचणी बरोबर झाली असेल, तर निदान त्या नळ्या तरी तपकिरी दिसल्या पाहिजेत. त्याच कोऱ्या राहिल्या, तर चाचणीच फसली, गाठीबद्दल काही बोलायचं नाही.

मग थोरल्या जावेच्या अहवालात त्या जागी काय होतं?

मी कपाट उघडलं. फाईल काढली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'निरोगी नळ्यांनीही रंग घेतलेला नाही. ऊतक नीट पक्कं झालेलं दिसत नाही. दुसरा ठोकळा पाठवावा.'

साहेब अहवालाची फक्त शेवटची ओळ वाचतात, अशी थट्टा मी वर्षानुवर्षं करत आले होते. मी फक्त पहिली वाचली होती.

स्तनाबरोबर काढलेल्या, कॅन्सर पोचलेल्या काखेतल्या गाठींचे ठोकळे माझ्याकडे होते. त्या लहान आणि कडेला होत्या, म्हणून पक्क्या झाल्या होत्या. त्यांतला एक मुंबईला पाठवला. उत्तर आलं: हार्मोन रिसेप्टर भरपूर. म्हणजे शालनबाईंना त्या साध्या गोळीची गरज सव्वा वर्षापासून होती आणि ती माझ्यामुळे मिळाली नव्हती. सगळ्यांना डोळे मिटून गोळी देणाऱ्या जुन्या साहेबांच्या हाती ती पडली असती, तर तिला गोळी मिळाली असती. अडाणीपणानं वाचली असती, माझ्या ज्ञानाच्या प्रकाशानं अडकली.

मी साहेबांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी दार लावलं.

"गोळी सुरू करू. तिला सांगायचं, नवीन औषध आलंय."

"आणि चूक?"

"कुठली चूक? केमो काय वाया गेली? काखेत गाठी होत्या, तिचा उपयोग झालाच असेल. बाई, हल्ली डॉक्टरांवर ग्राहक कोर्टात केसेस पडतात. गप्प बसा."

गप्प बसायला मला आवडलं असतं. चार दिवस मी ते करून बघितलं. पाचव्या दिवशी एसटीनं उंब्रजला गेले.

सुभेदारांचं घर हायवेपासून आत, उसाच्या कडेला. शालनबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. केस नुकते परत आलेले, पोरासारखे आखूड. मला त्यांनी ओळखलं नाही, ओळखणार तरी कशा. सुभेदारांनी सांगितलं, "ह्या लॅबच्या बाई. थर्मासवाल्या." मी हसत होते ते त्यांना त्या दिवशीच कळलं होतं की काय, देव जाणे.

मी पाणी प्यायले आणि सांगायला लागले. रिसेप्टर हा शब्द काढल्यावर शालनबाई शेंग हातात धरून थांबल्या. मग मी त्यांच्या रानाकडे बोट केलं.

"समजा एक ऊस पाटाच्या पाण्यावर आहे. दार बंद केलं की तो वाळतो. दुसऱ्याला स्वतःची विहीर आहे. पाट बंद करून त्याला काही होत नाही. तुमचा रोग पाटाच्या पाण्यावरचा होता. मी तो विहिरीवरचा म्हणून सांगितला. म्हणून पाटाचं दार बंद करायची गोळी तुम्हाला दिली नाही."

"म्हंजी दार उघडंच ऱ्हायलं व्हय, वरीसभर?"

"हो."

"आन माजं क्यास?"

"त्या औषधाचाही थोडा उपयोग झाला असेल."

"थोडा," त्या म्हणाल्या आणि शेंग फोडली. "आता गोळी घेटली तर चालतंय का?"

"चालतं. उद्यापासून घ्या. उशीर झालाय, पण उपयोग होतो."

सुभेदार उभेच होते. "गलती कुनाची?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी बरणी दिली नाही, मुंबईवाल्यांनी महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात टाकली, लग्न नेमकं शनिवारी आलं, अशी बरीच उत्तरं मी गाडीत तयार केली होती.

"माझी," मी म्हणाले.

"मग लिहून द्या. आमच्यात तोंडी चालत न्हाई."

त्यांनी वहीचा कागद पुढं केला. मी लिहिलं. कधी, काय, कुणाकडून राहिलं, सगळं. खाली सही केली. कागद घडी करून त्यांनी ट्रंकेत टाकला आणि मला म्हणाले, "जेवून जावा."

साहेबांना मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "लिहून दिलंत? सहीनिशी? तुमच्याबरोबर मलाही खड्ड्यात घातलंत." महिनाभर त्यांनी माझ्याकडे साधा अपेंडिक्सही पाठवला नाही.

सुभेदार कोर्टात गेले नाहीत. ते कागद घेऊन साहेबांच्या दवाखान्यात गेले. आत काय झालं ते मला नर्सनं सांगितलं. सुभेदारांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाईंनी आपलं लिवून दिलंय. बर्फात ठेवा म्हनून सांगितलं कुनी, ते तुमी लिवून द्या." साहेबांनी पाणी मागवलं. लिहून दिलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांच्या ऑपरेशन थिएटरात फॉर्मालिनच्या दहा मोठ्या बरण्या आल्या. दोन वर्षं मी व्याख्यानं देत होते, चित्रं दाखवत होते. त्यानं एकही बरणी आली नव्हती. एका सुभेदाराच्या वहीच्या कागदानं दहा आल्या. शास्त्राचा प्रसार कसा होतो, यावर मला कुणी बोलायला बोलावलं तर मी हेच सांगेन, म्हणून कुणी बोलावत नाही.

आता घरात वेगळाच पेच पडला. थोरलीला इवलीशी गोळी, धाकटीला लाल सलाईन. दोघींना एकच रोग, एकच डॉक्टर. सुमनच्या माहेरच्यांनी सरळ अर्थ काढला: सुभेदारांची वट आहे, चांगलं औषध त्यांच्या बायकोला गेलं. सुमन केमोला आली की माझ्याकडे जिना चढून येऊ लागली. डोक्याला रुमाल, बोलणं तिखट.

"बाई, आक्काची एक गोळी मला दिली तर काय बिगडतंय?"

"काही बिघडत नाही. काही सुधारतही नाही. तुमचा ऊस विहिरीवरचा."

"त्यांच्या टायमाला बी असंच म्हनला हुता तुमी."

मी तिला तपासाचे दोन्ही कागद दाखवले, बारीक अक्षरातली ओळ वाचून दाखवली. तिनं ऐकलं. पटलं असं म्हणाली नाही.

पुढची दोन वर्षं ती बरी होती. मग दशक संपत आलं तेव्हा तिच्या यकृतात गाठी दिसल्या. त्याच सुमारास आमच्या व्यवसायात तिसऱ्या रिसेप्टरची चर्चा चालू होती. हा हार्मोनचा नाही, वाढीचा. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारा निरोप घेणारा. निरोगी पेशीवर तो मोजका असतो. काही गाठींवर इतका माजतो की निरोप यायची वाटच बघत नाही, पेशी वाढतच सुटते. परदेशात त्याला अडवणारं औषध नुकतं निघालं होतं. आपल्याकडे ते मिळायची सोय नव्हती. तरी मी सुमनचा ठोकळा तपासायला पाठवला. का पाठवला, याचं उत्तर तेव्हा मी स्वतःला 'आशेनं' असं देत होते. खरं म्हणजे मला जाणून घ्यायचं होतं.

काचा परत आल्या. तिसरा रिसेप्टर भरपूर होता.

सुमन आली तेव्हा शालनबाई तिच्या सोबत होत्या, हाताला धरून जिना चढवत. त्या बाहेर बाकावर बसल्या. सुमन आत आली आणि खुर्चीत बसून दम खाल्ला.

"साहेब म्हनत हुते, तिसरं कायतरी बघाया धाडलंय तुमी. निघालं?"

"निघालं. त्याला औषध आहे, पण आपल्याकडे अजून आलेलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग बगितलं कशाला वो?"

मोमीनभाऊ हातातली काच पुसत उभे होते, ते पुसायचे थांबले.

"दाखवा तरी," ती म्हणाली. "काय खातंय मला ते."

तीस वर्षांत हे मला कुणी मागितलं नव्हतं. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली, खुर्ची सरकवली, तिला एक डोळा मिटायला सांगितलं. ती वाकली. त्या तपासात प्रत्येक पेशीच्या कडेला गडद तपकिरी रेघ येते. पेशीला पेशी लागून, सगळीकडे जाळं.

बराच वेळ ती बघत होती.

"देखनं हाय की," ती म्हणाली. "क्रोशाच्या रुमालावानी. ही मी?"

"ही तुमची गाठ."

तिनं मान न उचलता हाक मारली. "आक्का, आत या. बगा हिकडं."

शालनबाई आत आल्या, वाकल्या, बघितलं. त्यांना काही उमगलं असेल असं वाटत नाही.

"काय हाय गं ह्ये?"

"माजं हाय. तुमच्यापरास लय दाट इणलंय," सुमन म्हणाली. "तुमच्या गोळीला ह्ये आवरत न्हवतं. घरी गेल्यावर माज्या भावास्नी सांगा. माजं ऐकत न्हाईत त्ये."

शालनबाईंनी तिच्या डोक्यावरचा घसरलेला रुमाल नीट केला. दोघी जिना उतरून गेल्या.

सुमन सात महिन्यांनी गेली, तिची लेकरं थोरलीकडे राहिली. शालनबाईंनी पाच वर्षं गोळी घेतली आणि वर्षाला एकदा, दवाखान्यातून परतताना, माझ्याकडे शेंगांची पिशवी ठेवून जात राहिल्या. सुभेदारांनी माझा कागद कधी परत केला नाही, आणि मी मागितला नाही.

पुढं काही वर्षांनी ते औषध आपल्याकडे आलं. विट्याजवळच्या एका बाईचा तिसरा रिसेप्टर मी तपासला, भरपूर निघाला आणि तिला औषध सुरू झालं. आमच्या भागातली माझ्या हातची ती पहिली. त्या दिवशी मी उंब्रजला फोन लावला. का लावला ते मला नीट सांगता येणार नाही. शालनबाईंनी फोन घेतला. मी सांगितलं.

"तिला लेकरं हाईत का?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत. लहान आहेत."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.